हात न लावलेले पैसे

कार्यालयातून भेटीला कुणी येणार असलं की त्या दिवशी आमचं घर खोटं बोलतं. एरवी संध्याकाळी आमच्या दाराला कुलूप असतं. भेटीच्या दिवशी मात्र मी लाँड्रीतून सुट्टी काढून चार वाजता दारात उभी असते. केस विंचरलेले, अंगावर धुतलेले कपडे, गॅसवर चहाचं आधण. मिस्त्री वर्कशॉपमधून लवकर येऊन नखांतलं वॉर्निश रॉकेलच्या बोळ्यानं काढत बसलेले. आणि साहेब खुर्चीवर पाय हलवत. बघणाऱ्याला वाटावं, किती निवांत माणसं, रोजच अशी बसत असतील.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. जळालेल्या मोटारींची आणि पंपांची तार उपसून पुन्हा नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो, म्हणून पाठीमागे मीही म्हणते. आणि साहेब म्हणजे आमच्याकडे सांभाळायला दिलेली मुलगी. वय वर्षं आठ. पाच वर्षांची असताना ती पहिल्यांदा आली, तेव्हा हात पाठीमागे बांधून तिनं सगळं घर फिरून पाहिलं, न्हाणीघरातला नळ सोडून पाहिला, बंद केला आणि एक शब्द न बोलता खुर्चीवर जाऊन बसली. "साहेबांना घर पसंत पडलेलं दिसतंय," मिस्त्री म्हणाले, आणि तेच नाव चिकटलं. आमच्याआधी ती दोन घरांत राहून आली होती. तिची आई आहे, पण तिला स्वतःलाच सांभाळणं जमत नाही. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. जिचं तिला माहीत.

सांभाळायला दिलेली, दत्तक नव्हे, हे लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. दत्तक घेतलं की मूल आपलं झालं, विषय संपला. सांभाळायला दिलेलं मूल आपलं असतं आणि नसतंही. बालकल्याणचं कार्यालय येऊन बघून जातं, समिती दरवर्षी ठरवते की ते इथंच राहू द्यायचं की नाही. आणि त्याच्या खर्चासाठी दर महिन्याला भत्ता मिळतो. आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं.

झालं असं, की पहिल्याच वर्षी आम्ही थोरल्या दिरांकडे जेवायला गेलो. माझ्या जाऊबाईंच्या जिभेला हाड नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मिस्त्री त्यांचे लाडके दीर, त्यांना कधी कळलंच नव्हतं. भाताचा वाडगा पुढे करून जाऊबाई म्हणाल्या, "घ्या भावोजी, अजून घ्या, लाजू नका. घरी पोरीच्या पैशांवर जेवताच, आज आमच्या पैशांवर जेवा."

सगळे हसले. मस्करी होती म्हणे. मिस्त्रींनी ताटावरचा हात उचलला, मोरीत जाऊन धुतला, चपला घातल्या आणि निघाले. मी साहेबचा खरकटा हात तसाच धरून त्यांच्या मागं पळाले. घरी आल्यावर त्यांनी फर्मान काढलं की त्या पैशांतला एक पैसा या घरात येणार नाही. बँकेत येतात तिथंच राहू देत. मोठी झाली की तिचे तिला देऊ. "म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूप," ते म्हणाले.

लोकांच्या तोंडाला काही कुलूप लागलं नाही. आमच्या दाराला लागलं.

कारण पोर काही हवेवर वाढत नाही. तिला बूट लागतात, आणि ते दर सहा महिन्यांनी लहान होतात. चष्मा लागला, तो वर्गात कुणाच्या तरी कोपरानं फुटला, पुन्हा लागला. मी लाँड्रीत सकाळची पाळी करत होते, ती उरकून संध्याकाळची अर्धी पाळी धरली. मिस्त्री रविवारी लोकांच्या घरी जाऊन पंप उतरवायला लागले. आमच्या लाँड्रीत लॉजांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. गरम रुळातून चादर बाहेर येते, दोघींनी दोन टोकं धरायची, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, मग तळहाताचा एक झटका की घडी झाली. खाली सिमेंटची फरशी, वर वाफ. बसायला स्टूल आहे, पण ते मालकांच्या रेडिओसाठी.

साहेब शाळेतून थेट तिथं यायची. स्वच्छ कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची, आणि अभ्यास संपला की अभ्रे ओढून घ्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची घडी इतकी चोख, की मालक आधी कपाळाला आठ्या घालायचे ते नंतर कानाडोळा करायला लागले. मीही केला. दमलेल्या माणसाला डोळे मिटायला फार कारण लागत नाही.

हे असं तीन वर्षं चाललं. भेटीला यायच्या त्या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. त्या भत्त्याचं काही सांगायला लागल्या की मिस्त्री हात वर करायचे, "आम्हाला काही नको, देवाच्या दयेनं दोन हात धड आहेत." मग त्या बिचाऱ्या चहा पिऊन, सही करून जायच्या.

या वेळी नवीन ताई आल्या. वयानं लहान, हातात हेल्मेट, एका सँडलचा पट्टा तुटून पिनेनं टाचलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "काकू, आधी पाणी द्याल?" मला बरं वाटलं. आपल्यासारखंच कुणी दमलेलं दिसलं की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "भत्ता वेळेवर जमा होतो ना, काका?"

या प्रश्नाची मिस्त्री तीन वर्षं वाट बघत होते. ते खुर्चीत ताठ झाले. "जमा होतो. पण त्यातला एक पैसा आम्ही काढलेला नाही."

"एकही?"

"एकही नाही. आम्ही काही पैशांसाठी मूल सांभाळत नाही."

आता आपली पाठ थोपटली जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ताईंनी भांडं खाली ठेवलं. "मग चष्मा, बूट, शाळेची सहल?"

"सगळं आमच्या घामाचं."

"आणि हा घाम गाळायला तुम्ही किती वाजेपर्यंत बाहेर असता?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आधणाकडे पाहिलं. ताईंनी मग आमचा नाद सोडला आणि साहेबकडे वळल्या. "तू संध्याकाळी काय करतेस गं?"

साहेबचा चेहरा उजळला. तिला काय येतं, हे तिला सहसा कुणी विचारत नाही; काय येत नाही तेच विचारतात. "मी घड्या घालते," ती म्हणाली. "अभ्रे मला एकटीला देतात. मोठी चादर ही मावशी आणि मी मिळून. मालक म्हणालेत, मोठी झालीस की तुलाच कामावर ठेवतो."

चहा उतू गेला तरी मला हलता येईना.

ताईंनी तिला बाहेर खेळायला पाठवलं. मग बराच वेळ त्या हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत बसल्या. "काकू, हे मला कळवावं लागेल."

"तिला आम्ही कामाला लावलंय, असं?"

"असं मी नाही लिहिणार. मला दिसतंय तिचं इथं कसं आहे ते. पण रोज संध्याकाळी ती लाँड्रीत असते, घरात कुणी नसतं, हे लपवता येणार नाही. समिती विचार करेल. त्यांना वाटलं तर तिला दुसऱ्या घरी…" पुढचं त्यांनी गिळलं.

मिस्त्री उभेच राहिले. "आम्ही तिच्या पैशांना हात लावला नाही, आणि वर आम्हीच चोर?"

"काका, बसा," ताई म्हणाल्या. आवाज चढवायचीही त्यांच्यात ताकद उरलेली दिसत नव्हती. "ते पैसे ती मोठी झाल्यावरचे नाहीत हो. ते आत्ताचे आहेत. शाळेतून आल्यावर तिला घरात कुणीतरी दिसावं, म्हणून आहेत. पालकाला कामाचे तास कमी करावे लागले तर त्याची भरपाई मिळते. बुटांचे, चष्म्याचे वेगळे मिळतात. वर्षातून काही दिवस पालकांच्या विसाव्यासाठीही मिळतात."

"कशासाठी?" मी विचारलं.

"विसाव्यासाठी. तुम्ही दमता ना, म्हणून."

मला हसूच आलं. दमण्याचे पैसे मिळतात, हे आधी कळलं असतं तर आज मी लाँड्री विकत घेतली असती. मी हसतेय म्हणून ताईही जरा हसल्या.

त्या गेल्यावर मिस्त्री एक उघडी मोटार पुढ्यात घेऊन बसले. तारेचा पीळ सोडवत होते की घालत होते, त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी म्हणाले, "आता पैसे घेतले म्हणजे वहिनी खरी ठरली."

इतक्या वर्षांत मी ह्यांना उलट बोलले नाही असं नाही. रोजच बोलते. पण त्या दिवशी जे तोंडातून निघालं ते मलाही नवीन होतं. "ठरू दे खरी! त्या बाईच्या एका वाक्यापायी तीन वर्षं मी दोन पाळ्या करतेय. तुमचा हा ताठा तुमच्या नाकावर नाही, अहो, माझ्या टाचांवर उभा आहे. रोज त्याला घेऊन मी उभी असते त्या फरशीवर. आणि एवढं करून पोर जाणार. मग खा तुमच्या घामाचा भात, एकट्यानं बसून."

एवढं बोलून मला रडू फुटलं. साहेबच्या रिकाम्या खुर्चीकडे मला बघवेना. त्या पोरीवर माझा केवढा जीव आहे हे मला त्याच दिवशी कळलं असं नाही. रोजच कळत होतं. फक्त ते बोलून दाखवायला अंगात त्राण लागतं, आणि ते मी सगळं चादरींवर घालवत होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण कुणी काढली माहीत नाही, पण तो माझ्या यजमानांना भेटलेला असणार. दोन दिवस घरात नुसते भांड्यांचे आवाज. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशालाच म्हणाले, "ताकाला जायचंच असेल तर भांडं कशाला लपवायचं? कधी आहे ती समिती?"

समिती म्हणजे एक लांब टेबल, त्यामागे चार माणसं आणि वर कुरकुरणारा पंखा. पंख्याचा बुश गेलाय, असं मिस्त्री माझ्या कानात पुटपुटले. घाबरले की त्यांना यंत्रं ऐकू येतात. मधल्या बाईंनी विचारलं, "भत्ता तुम्ही आजवर का वापरला नाहीत?"

मला वाटलं, हे आता स्वाभिमान, कष्ट, घाम वगैरे काढणार. ते उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "वहिनी बोलली म्हणून."

टेबलामागे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकानं रुमाल तोंडाला लावला. मिस्त्रींच्या ते गावीही नव्हतं. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, पैशांना शिवलो नाही म्हणजे आम्ही चांगले. आता घेऊ. ही घरी राहील संध्याकाळी. पण मुलगी आमच्याकडे राहू द्या." 'राहू द्या' म्हणताना त्यांचा आवाज असा झाला, की मी त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.

ताई बाजूला बसल्या होत्या. त्यांनी आमच्या बाजूनं बरंच सांगितलं. शेवटी ठरलं, की मुलगी राहील. पण शाळा सुटल्यापासून घरात मोठं माणूस हवं, आणि काही महिन्यांनी कुणीतरी न सांगता येऊन बघेल. बाहेर आल्यावर मिस्त्री पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मी संध्याकाळची पाळी सोडली. मालक म्हणाले, "तुम्ही चाललात, अभ्र्यांचं काय?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते रेडिओची कळ पिळायला लागले.

साहेबला आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. लहान जीव, उगाच धसका घेईल, म्हणून. त्या दिवशी सकाळी शाळेत जाताना तिला एवढंच म्हटलं, की आज लाँड्रीत येऊ नकोस, सरळ घरी ये. शहाणपणा करायला जावं आणि तोच अंगाशी यावा, अशी आमची जोडी आहे.

पहिल्या संध्याकाळी मी चार वाजता दारात उभी राहिले. हौसेनं धुतलेले कपडे घातले होते, केस विंचरले होते. साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसली. मला पाहिलं आणि तिची चाल मंदावली. जवळ येऊन तिनं विचारलं, "आज भेट आहे?"

"नाही गं."

तिनं माझ्या कमरेआडून घरात डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. मग बूट काढून ती आत गेली. मी दूध तापवलं, हाक मारली. पुन्हा मारली. मग आत जाऊन बघते तर कपाट उघडं, तिचे सगळे कपडे पलंगावर, आणि ती एकेक घडी घालतेय. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, तळहाताचा झटका. शेजारी ती आली तेव्हाची पिशवी, तोंड उघडून ठेवलेली.

"हे काय चाललंय?"

"आधीच्या दोन्ही घरी असंच झालं होतं," ती खाली बघूनच म्हणाली. "बालवाडीतून आले तर तिथली काकू चांगले कपडे घालून दारात उभी होती, आणि पिशवी भरलेली होती." फ्रॉकची बाही तिनं आत दुमडली. "तू दमलेली असतेस ना, म्हणून मीच भरतेय."

मी तशीच पलंगावर बसले, तिच्या घड्यांवरच. तिला ओढून घेतलं, तर ती लाकडासारखी ताठ. "कुठं जायचं नाहीये," मी म्हटलं. "ऐकलंस? कुठंही नाही. मी आता रोज चार वाजता घरी असणार आहे."

"रोज?"

"रोज."

"आणि लाँड्री?"

"सकाळपुरती."

ती बाजूला झाली. हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या दिवशीसारखी माझ्यापुढून एक फेरी मारली. "मग पैसे कमी पडतील," ती म्हणाली. बूट कधी घ्यायचे आणि कधी अजून महिनाभर ओढायचे, हे आमच्या घरात राहून तिलाही कळायला लागलं होतं.

"नाही पडणार. तुला सांभाळायचे पैसे येतात. तुझेच. त्यात मी घरी बसायचं, असं ठरलंय."

"माझे पैसे?"

"तुझे."

यावर तिनं बराच विचार केला. पटलं असावं. मला म्हणाली, "ऊठ, चुरगळले सगळे," आणि मी बसले होते त्या दोन फ्रॉकची पुन्हा घडी घालून सगळे कपडे कपाटात ठेवले. पिशवी तिनं पलंगाखाली सारली. मी जरा आडवी होते म्हणून पडले, ती थेट मिस्त्रींनी कडी वाजवली तेव्हाच उठले. एवढं झोपले तरी अंगातला शीण गेला नव्हता. तीन वर्षांचा होता, एका संध्याकाळीत थोडाच जाणार.

जेवायला बसलो. भात, भाजी आणि प्रत्येकाला एक अंडं. हे सामान कुठल्या पैशांतून आलंय ते मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनीच ते बँकेतून काढून सकाळी माझ्या हातात दिले होते. ते जेवत होते, पण घास असा उचलत होते, जणू कुणाच्या तरी ताटातला आहे.

"काका," साहेब म्हणाली, "आजपासून मावशी माझ्या पैशांवर घरी बसली."

मिस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वाडग्याकडे बघत होती.

"हा भातपण माझ्याच पैशांचा?"

झालं, म्हटलं. आता हे उठणार, हात धुणार आणि चपला घालणार. मिस्त्रींनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तारेचं टोक सापडत नसलं की त्यांच्या कपाळावर जी आठी पडते, ती पडली होती.

"हो," ते म्हणाले. "तुझ्याच."

साहेबनं वाडगा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला, गुडघ्यांवर उभी राहिली आणि डाव काठोकाठ भरला.

"मग अजून घ्या ना, काका," ती म्हणाली. "लाजू नका."

मिस्त्रींनी ताट पुढं केलं.